रंगखात्यातला गूळ

आबा, आज फार दमले आहे आणि घरी कुणाशी बोलायचं त्राण नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. बमरोलीच्या ज्या मिलच्या रंगखात्यात तुमचा जन्म गेला, तिच्याजवळच सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रात मी काम करते. काम ऐकलंत तर हसाल. मी जिवाणू पाळते. एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत, पण बाटलीत दाटले की पाणी जांभळट तांबडं होतं. झाडांसारखे उजेडावर जगतात. रंगाच्या पाण्यातलं विषारी क्रोमियम त्यांच्या अंगाला चिकटतं, थोडं आतही शिरतं आणि तिथंच राहतं. बिचारे तक्रार करत नाहीत. त्यांना खुराक म्हणून मी गुळाचं पाणी घालते. हो, गूळच.

तुमच्या मिलमध्ये पाळी सुटताना मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. छातीत गेलेला रंग गुळानं निघतो, असं सगळं रंगखातं मानायचं. तुम्ही तो न खाता रुमालात बांधून आणायचात. मला अजून दिसतं, मी दारात उभी आहे, तुम्ही रुमाल सोडताय, खड्यावर तुमच्या अंगठ्याचा निळा डाग आहे. आई चुलीपासून ओरडते, "तो गूळ तुम्हना छातीकरता शे, पोरले काय देतस?" आणि तुम्ही हसत म्हणता, "खाई ले बेटा, माले गोड नही आवडस." डाग नखानं खरवडून मी खायचे. पुढं तुमचा खोकला वाढला, मूत्रपिंडं गेली, आणि मग तुम्हीही गेलात. कशानं, ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही, आणि आपल्यालाही विचारायचं सुचलं नाही.

गेली दोन वर्षं माझे जिवाणू मिलच्या खऱ्या पाण्यात तग धरत नव्हते. पाणी इतकं काळं की उजेडच आत पोचेना. यंदाही जमलं नसतं तर प्रयोग बंद होणार होता. मग आधी रंग उतरवून घेतला, टाक्या उथळ केल्या, आणि आज तपासणीत क्रोमियम अगदी नावापुरतं निघालं. साहेब खूश. सगळे ते स्वच्छ पाणी उजेडाला धरून बघत होते. तळाशी बसलेला मेलेल्या जिवाणूंचा जांभळा गाळ कुणी बघितला नाही. विष कुठं गेलं नव्हतं, आबा, ते त्यांच्या अंगात होतं. तो गाळ ड्रममध्ये भरून कायमचा पुरायला पाठवतात. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसतं बसून राहावंसं वाटलं.

ड्रम नेणाऱ्या माणसानं विचारलं, "बेन, ढांकणुं मारी दउं?" मी थांब म्हटलं आणि खुराकाच्या डब्यातला गुळाचा एक खडा आत टाकला. मेलेल्यांना खाऊ घालतेय हे बघून तो चकित झाला. "मरेलाने शुं खवडावो छो?"

"राहिला होता त्यांचा," मी म्हटलं.

गुळानं छातीतला रंग निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मन ऐकत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक सांगूनच टाकते. गूळ मला कधीच आवडला नाही, आबा. रुमाल सोडताना तुम्ही हसायचात, म्हणून खायचे.