डाळ असताना डबा कशाला

तुझ्या मुलाने माझ्या मुलाला अ‍ॅसिड पाजलं आणि वर मलाच विचारतो, "आत्या, डोस नीट घेत होता ना?" हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट सावरून बसून वाचशील.

धाकट्या, तुला ताईचे आशीर्वाद, आज राग असला तरी देते. खोकला कसा आहे? गरम पाणी स्वतः पितोस की नुसतं दुसऱ्यांना सांगतोस? मी बरी आहे. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात ऐकतं कोण, म्हणून एकट्या गुडघ्यांना बोल लावत नाही.

तर आमचे चिरंजीव चष्म्याच्या दुकानात दिवसभर बसून काचा घासतात, हे तुला ठाऊक आहेच. पोट सुटलं, डॉक्टर म्हणाले चाला, तर हा पळायलाच लागला. (सांगितल्यापेक्षा जास्त करायची खोड बापाची. बापाने ती कामात मात्र कधी दाखवली नाही.) पळेना का. घामाने निथळत घरी यायचा, ओट्यापाशी उभ्यानेच वाटीभर डाळ प्यायचा आणि आणखी मागायचा. माझी तक्रार नव्हती. मग तुझा दंडोबा आला. त्याचे दंड इतके फुगलेत की आमच्या दारातून त्याला तिरकं होऊन शिरावं लागतं. व्यायामशाळेत विकायला ठेवतो तो डबा त्याने टेबलावर मांडला. वर सिंहाचं चित्र. (सिंह पावडर खातो हे मला या वयात कळलं.) म्हणाला, दादा, यात अमिनो अ‍ॅसिड आहे, स्नायू झिजत नाहीत, लांब पळताना दम टिकतो. मी म्हटलं, अ‍ॅसिडने मी मोरी घासते, ते हा पिणार? तर मलाच समजावतो, आत्या, हे तुमच्या डाळीतही असतं, डब्यात फक्त जास्त. अरे, डाळीत असतं तर डाळ पी की, डबा कशाला?

पण आमच्या शहाण्याला वाटलं पावडर म्हणजेच जेवण. डाळ म्हणे जड होते. मी वाढायला वाकले की वाटीवर हात आडवा. जन्मल्यापासून या पोराने माझ्या वाढण्यावर हात धरला नव्हता, तो त्या डब्यापायी धरला.

त्यात पळण्याच्या शर्यतीत नाव दिलं, आणि त्या दिवशी उपाशीपोटी, नुसती पावडर ढवळून निघाला. अर्ध्या वाटेत पाय गेले, डोळ्यांपुढे अंधारी. समोर उघडं दुकान आणि रिकामी खुर्ची दिसली, तो बसला. दुकान न्हाव्याचं. न्हाव्याने विचारलं, बारीक करू का? याची मान डुलत होती, न्हाव्याला वाटलं हो म्हणतोय. छातीवरचा शर्यतीचा नंबर कापडाखाली गेला. हा भानावर आला तोवर एक बाजू साफ. न्हावी माणूस भला. गोड चहा पाजला, दुसरी बाजूही कापली (असं अर्धं कसं सोडू, म्हणाला) आणि स्कूटरवरून घरी आणून सोडला. पोराचा चेहरा असा पांढराफटक होता की माझ्या हातातला डाव खाली पडला. हे कुणाला सांगू नकोस.

आणि तुझा दंडोबा म्हणतो, डोस कमी पडला. डोस नाही रे, जेवण कमी पडलं. डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त त्यांनी ते फी घेऊन सांगितलं. डबा मी कचऱ्यात टाकला असं घरात जाहीर केलं आहे. दंडोबाला सांग, पुन्हा काही घेऊन आला तर तिरका होऊनही आत येऊ देणार नाही.

तुझी ताई

ता. क. आता तो पोटभर जेवतो. पुढच्या शर्यतीत नाव दिलंय, आणि आईच्या डाळीवर पळतो असं दुकानात येईल त्याला सांगत सुटलाय. पूर्वीपेक्षा बरा पळतो म्हणे.

आणखी ता. क. डबा टाकला नाही. डाळ उतरवली की त्यात चमचाभर ढवळते. तसा पांढरा होऊन तो पुन्हा दारात आलेला मला सोसायचा नाही, तेव्हा दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा. नाव डाळीचंच राहील. पण डबा तळाला आलाय. दुसरा घे आणि साध्या पिशवीत रिकामा करून पाठव. दंडोबाने विचारलं तर म्हण, मीच घेतोय. फोन करू नकोस, फोन पोरगा उचलतो. उत्तर तू स्वतः लिहायचंस. दंडोबाच्या हातचं एक अक्षर आलं तरी मी पाकीट फोडणार नाही.