योहानकाकांचा खोकला

मुरूम, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९४३

योहानकाकांचा खोकला खरा की खोटा? दुपारपासून डोक्यातून जात नाही.

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पेला, ज्यातून सगळी मंडळी एकामागून एक घोट घेते, तो मी मुद्दाम मागच्या रांगेपासून फिरवला. मागं पलीकडच्या वाड्यातली घरं बसतात. बाप्तिस्म्याआधी त्यांच्या हातचं पाणी आमची माणसं घेत नव्हती. पेला त्यांच्या ओठांना लागून पुढं काकांपाशी आला, अन् ते खोकायला लागले. मंडळीचे पंच, आणि पेल्याला हातसुद्धा लावला नाही! म्हणे, "घसा धरलाय पाळकसाहेब, हकिमानं आंबट वर्ज्य केलंय." पेल्यात द्राक्षारसाऐवजी मनुक्यांचं गोड पाणी असतं, ते आंबट कधीपासून झालं? गेल्या महिन्यात पेला पुढून निघाला तेव्हा हाच घसा ठणठणीत होता.

बाहेर आल्यावर विचारलंच, पेला मागून निघाला म्हणून का? काका हसले. "पुढून मागं जायची रीतच हाय आपल्यात. उगं कशाला शंका घेता?" अन् बाजाराच्या वाटेला लागले. मी कान देऊन उभा होतो. एकदाही खोकले नाहीत.

आता चहा पिताना बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, ढोंग आहे सगळं. पुढच्या खेपेलाही पेला मागूनच निघणार. ती म्हणाली, "पर तुमी तर आजबी सगळ्यांच्या आधी प्यालात की."

मी चटकन म्हणालो, "पाळकानं आधी घ्यायची रीतच आहे."

बोललो आणि चहाचा जोरात ठसका लागला. हा खोकला मात्र खरा होता.