ओठ थांबले तरी बोलणारी राजकन्या

बाई, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दप्तरं पाठीला तशीच ठेवून तुमच्या वर्गात टीव्हीपुढं मांडी घालून बसणाऱ्या आम्हा सगळ्या पोरींची तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे. तुम्ही आम्हाला फसवलंत. आज मी भालकीपासून उदगीरपर्यंत माईक हातात घेऊन बोलणारी बाई आहे, मराठीत बोलते, कन्नडमध्ये बोलते, समोर तहसीलदार बसलेला असो की पंचायतीचा अध्यक्ष, माझा आवाज खाली येत नाही. पण ही तक्रार मांडायला मला व्यासपीठ नाही. जिच्यावर आरोप आहे ती कलबुर्गीच्या मातीत जाऊन इतकी वर्षं झाली, की तिथं आता कुणी फूल वाहायलाही जात नसेल.

आरोप काय ते आधी सांगते. शाळेला सरकारकडून रंगीत टीव्ही आला होता, व्हीसीआर तुम्ही घरून पिशवीत घालून आणायचात आणि कॅसेट तुमच्या हैदराबादच्या भावानं दिलेली. कार्टूनची राजकन्या, सगळं बोलणं इंग्रजीत. वरचं लेबल कुणीतरी खरवडून काढलेलं, त्यामुळं सिनेमाचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही आवाजाचं बटण पिळून पार बंद करायचात, टीव्हीच्या बाजूला उभ्या राहायचात, पदर कमरेला खोचायचात आणि राजकन्येचं, तिच्या सावत्र आईचं, बोलणाऱ्या बदकाचं, सगळ्यांचं बोलणं तुमच्या तोंडून आमच्या भाषेत यायचं. बदक कन्नड बोलायचं. सावत्र आई जुन्या हैदराबादी थाटात दखनी उर्दू झाडायची. राजकन्या मात्र आमच्यासारखंच बोलायची, हळू, जरा घाबरत, आणि शेवटपर्यंत न थांबता.

शेवटी पांढऱ्या घोड्यावरून राजपुत्र येतो, मनोऱ्याच्या पायऱ्या चढतो, गुडघा टेकून अंगठी पुढं करतो. ती मान खाली घालते, डोळे मिटते, तिचे ओठ जरासे हलतात. आणि तुम्ही म्हणता, "अंगठी तिथंच ठेवा. माझं शिकणं व्हायचंय अजून. नोकरी लागली की मीच निरोप धाडते, तवर घोड्याला चारा घाला." घोड्याच्या चाऱ्यावर आम्ही दर शनिवारी हसायचो, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. लगेच तुम्ही टीव्ही बंद करायचात. "संपलं. चला, घरी आया वाट बघायल्या असतील." त्यापुढं काय आहे ते तुम्ही आम्हाला एकदाही दाखवलं नाहीत.

एकदा हेडसर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना थोडंफार इंग्रजी यायचं. "बाई, एवढं सगळं ती म्हणायलीय व्हय?" तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "सर, इंग्रजीत थोडक्यात असतंय. मराठीत लांबतंय." ते मान हलवत निघून गेले. पण मी मागं लागणारी पोरगी होते. मी हात वर करून विचारलं, "बाई, तिचे ओठ तर थांबले, तुम्ही अजून बोलायलात." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला वाटलं आता कान धरणार. "ओठाकडं बघू नको. गोष्टीकडं बघ." एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं होतं, कारण तुम्ही कधी कुणाला रागावत नसायचात.

दहावीनंतर माझ्यासाठी लातूरकडून स्थळ आलं. पाहुणे बाहेरच्या खोलीत पोहे खात बसलेले, मी चहाचा ट्रे धरून उभी, आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं, शब्दाला शब्द लागून, घोड्याच्या चाऱ्यासकट. पाहुण्यांतले एक म्हातारे मोठ्यानं हसले. माझ्या वडलांनी, अप्पांनी विचारलं, "हे कुणी शिकिवलं तुला?" मी म्हणाले, "राजकन्येनं." तसे अप्पाही हसले. त्या हसण्यात माझं लग्न विरघळून गेलं, आणि मी कॉलेजात गेले. माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मैत्रिणीनं त्याच उन्हाळ्यात तिच्या घरात तेच वाक्य म्हटलं. तिथं कुणी हसलं नाही. तिला मारलं आणि महिन्याभरात तिचं लग्न लावलं. पुढं बऱ्याच वर्षांनी ती मला गाणगापूरला भेटली, देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांच्या दुकानात, महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना ओरडून बोलावत होती. मला तिनं ओळखलं. फुलाची पुडी बांधता बांधता म्हणाली, "तुझं बरं जमलं गं. तुझा बाप हसला." मग जराशानं, "राजकन्येचा बाप राजा व्हता. त्याला काय, एक पोरगी घरात ठिवून घ्यायला." पुडीचे पैसे तिनं घेतले नाहीत.

मला वाटलं, तिचं वाक्य चुकलं नव्हतं, घर चुकलं होतं. म्हणून मी घरं बदलायला निघाले. वाचलं, बाई, भरपूर वाचलं, मिळेल ते, तिन्ही भाषांत. बायकांच्या मेळाव्यात बोलायला लागले, आणि प्रत्येक भाषणात ती राजकन्या यायचीच. "एका कार्टूनमधल्या पोरीला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये?" असं मी विचारायची आणि समोरून टाळ्या यायच्या. शिकलेल्या बायका कधी म्हणायच्या, असला सिनेमा आम्ही तर बघितला नाही. मी म्हणायची, तुमच्या गावात आला नसेल.

यंदा माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या पोरीचं स्थळ ठरत आलं. माझी भाची, बीदरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा कलबुर्गीचा, घरचा कापडाचा व्यापार, माणसं आपल्यातलीच, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. फक्त पुढं शिकवायचं नाही. मी पहिल्या बसनं अण्णांच्या घरी पोचले. अण्णांनी मला दारातच ओळखलं, म्हणजे कशासाठी आले ते. "हे बघ, तुझं भाषण तिकडं भालकीला दे. इथं पाव्हणे यायलेत." मी पोरीला आतल्या खोलीत घेतलं. तिनं माझं सगळं ऐकलं, मोबाईल बाजूला ठेवून ऐकलं, आणि म्हणाली, "आत्या, शिकून कुठं जाऊ? हिथल्या कोळारला औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायला? माझ्या पुढच्या वर्गातल्या दोघी तिथंच हायेत. शिकलेल्याच हायेत." मग मी राजकन्या काढली, बाई. दरवेळेस काढते तशी.

ती हसली. "ते बदकवाली व्हय? मनोरा, पांढरा घोडा? आत्या, तो पिक्चर घरातल्या टीव्हीवर हाय की. ये, बघू." आणि मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं. हिंदीत होता. पहिल्या चित्रालाच मी ओळखलं. तेच बदक, तोच मनोरा, तोच पिवळा फ्रॉक. वर्गातल्या शहाबादी फरशीचा गारवा परत मांडीला लागला. मी वाट बघत बसले. सावत्र आई कमी बोलते, बदक नुसतं पडतं आणि उठतं. राजकन्या तर बोलतच नाही. ती गाते, आरशात बघते, खिडकीत उभी राहते. राजपुत्र पायऱ्या चढून आला तेव्हा मी सोफ्याच्या कडेला आले होते. त्यानं अंगठी पुढं केली. तिनं मान खाली घातली, डोळे मिटले, ओठ हलले. "हाँ," ती म्हणाली.

बस. एक अक्षर. मग गाणं लागलं आणि तो भाग आला जो तुम्ही आमच्यापासून लपवला होता. घंटा, फुलं, शेपटासारखा लांब पांढरा झगा, घोडागाडी, बदकसुद्धा रडतंय. तो भाग फार मोठा आहे, बाई. निम्मा सिनेमा वाटावा इतका मोठा. भाची माझ्या तोंडाकडं बघत होती. "आत्या, कुठं हाय तुझं ते वाक्य?" मी म्हणाले, हिंदीत गाळलं असेल. तिनं रिमोट घेऊन इंग्रजी लावलं, परत मागं नेलं. इंग्रजीतही एकच अक्षर. तिला माझी दया आली असावी, कारण ती एकदम लाडात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू सांगतीस तसं असतं तर पिक्चर चाललाच नसता."

तेव्हा मला तुमचं घर आठवलं. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी कलबुर्गीला आले होते. तोवर तुमची शाळा सुटून किती वर्षं झालेली. आम्ही शाळेत असतानाच एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तुम्ही आलाच नाहीत, तुमच्या मालकांना बायकोनं गावोगाव मास्तरकी केलेली आवडत नाही, असं हेडसर म्हणाले होते. तुम्ही स्वयंपाकघरात ज्वारीची भाकरी थापताय, बाहेर टीव्ही मोठ्यानं चाललाय. बाहेरून तुमच्या मालकांचा आवाज येतो, "कोण आलंय?" तुम्ही म्हणता, "जुनी विद्यार्थिनी हाय. चहा टाकायलेय." मी विचारते, बाई, आता बघता का सिनेमे? तुम्ही तव्यावरची भाकरी उलटता. "रिमोट तिकडं असतंय." मग पेढ्याचा डबा उघडून एक पेढा माझ्याच तोंडात घालता आणि विचारता, "निरोप धाडलीस का मग कुणाला?" मी हसले. मला ते गमतीचं वाटलं. भाचीच्या शेजारी सोफ्यावर बसल्यावर कळलं की ते वाक्य राजकन्येचं नव्हतं. ते तुम्हाला तुमच्या घरात म्हणायचं होतं, आणि जिथं कुणी अडवणार नाही अशी एकच जागा तुम्हाला सापडली होती, एका परक्या पोरीचे हलणारे ओठ.

आम्ही पोरी त्या जागेवर घरं बांधायला निघालो, बाई. माझं उभं राहिलं, कारण एक म्हातारा हसला. मैत्रिणीचं तिच्या अंगावर पडलं. ह्याचा जाब मी तुम्हाला विचारायला हवा, आणि पेन हातात घेतलं तेव्हा तेच करायचं होतं.

परवा साखरपुडा झाला. कॉलेजातून नाव काढून झालंय. बीदरमधल्या एका हॉलमध्ये स्टेजवर थर्माकोलचा मनोरा केला होता, पायऱ्यांना पांढरा कपडा. भाचीच्या अंगावर भाड्यानं आणलेला निळा झगा, पसरलेला. फोटोवाल्यानं नवऱ्या मुलाला गुडघा टेकायला लावलं, आणि नीट आलं नाही म्हणून परत टेकायला लावलं. त्यानं अंगठी पुढं केली. स्पीकरवर गाणं इतकं मोठं की छातीत धडधडत होतं. तिनं मान खाली घातली, डोळे मिटले, आणि बाई, तिचे ओठ हलले. मी खुर्चीवरून उठले. नंतर जेवणाच्या पंगतीत गाठून विचारलं, तेव्हा काय म्हणालीस? "टाचणी टोचायली म्हटलं. कुणी ऐकायलाच तयार न्हाई."

त्या कार्यक्रमात मलाही दोन शब्द बोला म्हणून माईक दिला होता. अण्णा लांबून हात जोडून उभे होते. मी बोलले. शुभेच्छा दिल्या, चार वाक्यं, सगळी बरोबर. काल भर दुपारी, अण्णांच्या घरात पोरीबाळी बसलेल्या असताना मी टीव्हीवर तो सिनेमा लावून आवाज बंद करून बघितला. धाकट्या पोरी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. राजपुत्र पायऱ्या चढून आला. मी राजकन्येचं बोलणं सुरू केलं, आणि चवथ्या शब्दाला माझा आवाज चढला, हात वर गेला. एक पोरगी म्हणाली, "आत्या भाषण करायली," आणि तिनं रिमोट घेऊन आवाज चालू केला.

हे पत्र मी कुठं टाकणार? पण एवढं सांगायचं होतं, की मला ते येत नाही. माझ्या तोंडात ते भाषण होतं, तुमच्या तोंडात ते तिचं बोलणं होतं. तिचे ओठ अजून हलायलेत, बाई, आणि कुणीच बोलेना. एकदा उठा. पदर खोचा, आणि आवाजाचं बटण पिळा.