वॉल्टरने परीक्षकाला खाली बसवलं

ती. विल्माताई,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करायला हवी, म्हणून करतो. कसा आहे गुडघा? डॉक्टर म्हणतील ते या खेपेला तरी ऐका (ऐकणार नाही, हे तुमच्या वतीने सांगायला आमची आर्डिस हवी होती). मी ठीक आहे. आयोवाभर मका चांगला उंच झालाय. तुमची बहीण गेल्यापासून मी पत्र लिहिलं नाही, राग नसावा. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. परवा काउंटीच्या जत्रेत घडलं.

आमची नात ब्रिटा जत्रेतल्या स्पर्धेत डुक्कर दाखवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा तिला जनावरं पारखणाऱ्या मुलांच्या चमूतही जागा हवी होती. त्यात चार जनावरं समोर उभी करतात, त्यांचा क्रम लावायचा आणि मग हात मागे बांधून, कागद न बघता, खणखणीत आवाजात त्या क्रमाची कारणं सांगायची. क्रम लावण्यात पोरगी पक्की. कारणांचा सराव ती आजीपुढे करायची. आर्डिस सफरचंदं सोलता सोलता प्रत्येक वाक्याला आडवी जायची. "तिसरं दुसऱ्याच्या वर का गं? खुर बघितलेस का त्याचे?" मग दोघींची जुंपायची आणि आमचं जेवण लांबायचं. आजी गेली आणि पोरीची वाचाच बसली. निवडीला उभी राहिली की पहिलं वाक्य बोलायची आणि गप्प. चमूला शिकवणाऱ्या हालवर्सनबाई म्हणाल्या, जत्रेपर्यंत थांबते, मग जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.

तेव्हा सराव ऐकायचं काम माझ्याकडे आलं. मला तुम्ही ओळखता. (लग्नात पाद्र्यांनी विचारल्यावर 'हो' म्हणायलासुद्धा मला आर्डिसने कोपर मारलं होतं.) संध्याकाळी आम्ही वॉल्टरला, म्हणजे तिच्या डुकराला, शेताच्या कडेने फिरवायचो. ती कारणं सांगायची, मी ऐकायचो. माझ्यापुढे अडत नसे ती. पण संपलं की माझ्याकडे बघायची. काहीतरी म्हणायला हवं हे मला कळायचं, काय ते सुचायचं नाही. मग मी खिशातून एक मऊ, गोड मार्शमेलो काढायचो आणि वॉल्टरला द्यायचो. (डुकराला वळण लावायला इथे सगळेच देतात, त्यात गैर काही नाही.) उन्हाळाभर हेच चाललं. त्यामुळे वॉल्टरची अशी खात्री पटली की माणूस डुकरांबद्दल मोठ्याने बोलू लागला म्हणजे त्याच्या खिशात मार्शमेलो असतो.

जत्रेत वॉल्टर देखणा चालला. मान वर, पाऊल मोकळं, ब्रिटाची छडी नुसती नावाला. परीक्षकाने त्याला चौथा ठेवला, तेही रास्तच होतं. मग त्या गृहस्थाने रिवाजाप्रमाणे माइक हातात घेतला आणि आपली कारणं सांगायला सुरुवात केली. "पहिला आहे तो पाठीने सरळ, चालीला मोकळा..." इथवर आले आणि वॉल्टर वळला. दोनशे सत्तर पौंडांचं जनावर खुशीत निघालं की त्याला छडी कळत नाही. त्याने आधी परीक्षकांच्या एका खिशात नाक घातलं, मग दुसऱ्या खिशाकडे जायला जवळचा रस्ता म्हणून त्यांच्या पायांमधून गेला. परीक्षक रिंगणातल्या भुशात बसले. माइक मात्र सोडला नाही. "...आणि चौथा नाकाने अतिशय चौकस," एवढं बोलून त्यांनी ब्रिटाकडे पाहिलं. "पोरी, याला हे कुणी शिकवलं?"

"आजोबांनी."

सगळी बाकं माझ्याकडे वळली. मी टोपी तपासत बसलो.

"मग याला चौथा का ठेवला ते तूच सांग. मला सध्या उठता येत नाहीये." (वॉल्टरचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.)

ब्रिटाने माइक घेतला, हात मागे नेता नेता तो पुन्हा पुढे आणला, पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. बाकांवर हालवर्सनबाई बसल्या होत्या.

"मला तर आता तो तिसरा वाटतोय," खालून परीक्षक म्हणाले.

"तिसरा कसा? मागून अरुंद आहे."

"इतका काही नाही."

"उठा आणि मागून बघा. पुढचे पाय आखडतात त्याचे. आणि खाण्यापायी अगदी लाचार आहे."

मग ती जी सुटली ती पहिल्या क्रमांकापर्यंत जाऊन आली. परीक्षक भुशातून आक्षेप घेत होते, ही खोडून काढत होती, आणि वॉल्टर दोघांच्या खिशांकडे आशेने बघत होता. हालवर्सनबाईंनी डोळे पुसत तिथल्या तिथे तिला चमूत जागा दिली. बाकांवर कुणीतरी फार मोठ्याने हसत होतं. तो मी होतो, असं शेजारच्यांनी नंतर सांगितलं. आर्डिस नसताना हसलो आणि वाईट वाटलं नाही, याचं घरी आल्यावर जरा वाईट वाटलं.

आपला,
ऑरिन

ता. क. राज्याची स्पर्धा आता तोंडावर आली आहे. ब्रिटाला ऐकणारा नको, आडवं जाणारं माणूस हवं, हे आता माझ्याही लक्षात आलंय. काल मी "मला नाही पटत" असं म्हणून पाहिलं आणि लगेच तिची माफी मागितली. आर्डिसनंतर या कामाला तुमच्याइतकं योग्य घरात दुसरं कुणी नाही. चार-आठ दिवस याल का?

पुन्हा ता. क. आग्रह नाही. पण कानावर घालायला हवं, की कालच सरावासाठी ब्रिटाने आजीच्या अंत्यविधीनंतर लोकांनी आणलेल्या चार पदार्थांचा क्रम लावला. तुमच्या ट्यूना मासा घातलेल्या नूडल्स चौथ्या आल्या. कारणं तिने फार सविस्तर दिली. आडवं जायला तिथे कुणी नव्हतं.