चाळीस निळ्या नळ्या

३ फेब्रुवारी
झालं! सर आता नाचायचेच बाकी राहिलेत. चाळीस माणसांचं रक्त, चाळीसच्या चाळीस नळ्या निळ्या! सोन्याचे बारीक-बारीक कण, पाण्यात लाल दिसतात. रक्तात रोगाचं एन्झाइम काम करत असलं की कण एकमेकांना चिकटतात नि पाणी निळं होतं. चार वर्षं हेच करून राहिले मी. गाईड उमाशंकर सरांनी लगेच लातूरला विज्ञान परिषदवाल्यांना फोन लावला — "नांदेडनं करून दाखवलं!" केलं कुणी? मी. फोटोत कोण? सर! नळी हातात, तीही उलटी.

४ फेब्रुवारी
चाळिसांतली वीस माणसं धडधाकट होती. आमच्याच ऑफिसातली! सरांनी यादी वाचलीच नाही. त्याच खेपेला धुतलेल्या नळ्यांत सोन्याचे कण नि नुसतं साधं, शुद्ध पाणी घालून बघितलं, रक्ताचा थेंब नाही — तेही निळं. आता पाण्यालाही रोग झाला म्हणायचं!
कारण सापडलं. काचेवर पांढरे डाग. बोअरच्या पाण्याचे क्षार! ते लागले की कण आपोआप चिकटतात. नळ्या शेवटी शुद्ध पाण्यानं खंगाळायच्या असतात. हजारदा सांगितलंय ग्यानोबाकाकांना. रोजंदारीवर नळ्या धुतात, पण लक्ष सगळं तंबाखूच्या डबीत.

५ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. म्हणे, "धम्मप्रिया, साधं पाणी दाखवायचंच कशाला?" वा रे संशोधक! मी म्हटलं, दाखवणार. "मग प्रबंधावर माझी सही विसरा."
बाथरूममध्ये जाऊन लई रडले. चार वर्षं पाण्यात.

६ फेब्रुवारी
सरांनी तोडगा काढला. चूक ग्यानोबाची, तसं मी लेखी द्यायचं. नळ्या नव्यानं धुवायच्या, प्रयोग पुन्हा करायचा, सही मिळेल. सरांचं नाक वर ते वरच!
दिलं लिहून. दोन ओळी. सर काकांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. काका मान डोलावून नुसते "हाव" म्हणाले. कसला मख्ख माणूस!

९ फेब्रुवारी
वीस निळ्या, वीस लाल! रुग्ण तेवढेच निळे. साधं पाणीही लाल. सही झाली!! सरांनी पेढे वाटले, माझ्या पैशांनी.

१० फेब्रुवारी
काका कपाटाची चावी द्यायला आले. मी ऐटीत म्हटलं, काका, जरा लक्ष द्यायचं ना.
"म्याडम, त्या दिशी मी किनवटला हुतो. पोरीच्या हॉस्टेलात. तुमीच म्हनलात, जा, नळ्या मी धुते."
आठवलं. घाईत होते. बोअरचा नळ जवळ होता.
"मग तेव्हाच का नाही बोललात?"
"तुमची सही रायली हुती न्हं."