नव्या टेपा पुसून घेतल्या त्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात माझे गुडघे एवढा मान कुणालाच देऊ देत नाहीत). तुझा खोकला कसा आहे? मेहुण्यांचा कान? दोन्ही बरे आहेत असं धरून चालते, कारण कालपासून मी इतकी हादरले आहे की दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी धड जमत नाही.

तुझ्या चिरंजीवाने मला माझ्याच जुन्या कचेरीत बोलावलं, हे तुला ठाऊक आहेच. तो आता तिथे संगणक विभागाचा प्रमुख. माझ्या वेळचे नकाशे साठवलेल्या चुंबकी टेपा नव्या टेपांवर उतरवायच्या होत्या, आणि त्या जुन्यांची नाडी ओळखणारी मीच एक उरले आहे. गेले. कपाट उघडलं. माझ्या गोल टेपा, ताटाएवढ्या, जशाच्या तशा. ताई, ती टेप म्हणजे सभ्य बाई. मागच्या खाचेत प्लास्टिकची कडी बसवली तरच तिच्यावर लिहिता यायचं. कडी काढली की साहेबाच्या बापालाही अक्षर उमटवता येत नसे. मग आली ती काडेपेटीएवढी डॅट कॅसेट (हरवायला फार सोयीची, एक तर केरात सापडली). तिचाही माज मी सहन केला, कारण दोघींनाही पुसायच्या मशीनवर ठेवलं, चुंबक फिरला, की पुन्हा कोऱ्या करकरीत. आणि आता हे एलटीओ कार्ट्रिज. काळं, चौकोनी, साबणाच्या डबीसारखं. आमचं अख्खं कपाट एकात मावून वर जागा उरते म्हणे. एवढी हाव मला पाहताक्षणीच खटकली होती.

तर अशी खोकंभर नवी कार्ट्रिजं आली. कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला काय शिकवलं? नवी ताटलीसुद्धा धुऊनच मांडायची. मी जुनं मशीन लावलं आणि एकूणएक पुसून घेतली. त्यानंतर टेप वाचणारा तो ड्राइव्ह एकालाही घरात घेईना; घातलं की बाहेर. तेव्हा कळलं की या महाराणीच्या अंगावर कारखान्यातूनच अदृश्य रेघा आखून येतात, त्यांवरून ड्राइव्हला वाट सापडते, आणि चुंबकाने त्या पुसल्या की परत आखता येत नाहीत. म्हणजे मेली ती मेलीच. स्वच्छ केल्याने मरते, ही काय वस्तू झाली?

खरा धक्का पुढे आहे. साहेबाने तुझ्या कुलदीपकाला आत बोलावलं आणि तो म्हणाला, "चूक माझी आहे." मी दाराबाहेरून ऐकलं. विभाग त्याच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते सोमवारी ठरायचं होतं. मावशीला पाठीशी घालतो! हे वळण आपल्या घरातलं नाही.

तुझी (अजून थरथरणारी)
धाकटी

ता.क. तो माझा फोन घेत नाही. तुझा घेईल. त्याला सांग, आज मी साहेबाकडे जाऊन आले. पोरसवदा आहे, पण खुर्ची दिली. मशीन मी लावलं, असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी अडवलं नाही?" मी म्हटलं, "अडवलं की. भाच्याने. दोनदा. दुसऱ्यांदा तर त्याने वायरच काढली. मी त्याला बाहेर पाठवून ती पुन्हा लावली." साहेबाने समोरची फाइल मिटली. मग म्हणाला, विभाग त्याच्याकडेच राहील.

आणखी ता.क. नवं खोकं येणार आहे, आणि माझ्या गोल टेपा तशाच पडून आहेत. मला परत बोलवायला सांग. मावशी कशालाही हात लावणार नाही, असं माझ्या वतीने तूच शपथेवर सांग. मला खोटं बोलायची सवय नाही.