गार म्हणजे गारच

माय, आज लातुरात बायकांच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. काळजीचं काही नाही, पाळी जायचं वय झालं, तेवढंच. पण डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला आणि तुझं नांदेडचं रडणं आठवलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या रडण्याचा मला राग येतो. तुझा नव्हे, त्या एका शब्दाचा.

माझी पाळी कधीच वेळेवर आली नाही. लोकांच्या घरी सुनेची पाळी चुकली की पेढे आणायची घाई होते, आपल्याकडं चुकली की तू कपाळाला हात लावायचीस. गालावर पुटकुळ्या, हनुवटीवर केस, वाढतं वजन, सगळ्याला तुझ्याकडं एकच नाव होतं, "अंगात उष्णता लई हाय पोरीच्या." मी न्हातीधुती झाले तेव्हापासून मुदखेडच्या आपल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी भिजवलेला सब्जा तयार. वर धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद. लग्न करून लातूरला आले तर डबे घेऊन तू पाठोपाठ हजर. इथल्या डॉक्टरांनी पीसीओडी म्हटलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पाळी यायची, पण दिवस राहत नव्हते. मग तुला रेल्वेत कुणीतरी सांगितलं की नांदेडला एक बाई चिनी पद्धतीनं सुया टोचतात, त्यांचा गुण येतो. देव झाले, वैद्य झाले, आता चीन, असं मी चिडवलं तर म्हणालीस, "हसू नको. सुई आपल्या घरात बी असती."

मी एसटीनं यायचे, तू मुदखेडहून गाडीनं. शिंप्याच्या दुकानावरची ती खोली. बाई माझी जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून डोळे मिटून बसतात, पावलं गार आहेत का चाचपतात. तू माझ्या कानात कुजबुजतेस, "नाडी तर आपले वैद्य बी बघत्यात, हिचं चिनी काय त्यात?" पायांत, पोटावर केसासारख्या बारीक सुया. मग त्या वाळल्या पाल्याची जाड विडी पेटवतात आणि बेंबीखाली लांबूनच तिची ऊब देतात. खोलीभर धूर. तू म्हणतेस, "हा तर दवण्याचा वास. महादेवाला वाहतो त्यो." बाई खूश होतात, "त्याच जातीचा पाला आहे, मावशी." त्यावर तुला धीर येतो आणि तू विचारतेस, पोरीला नेमकं झालंय काय? बाई आपल्या विद्येतलं बोलून जातात, "आमच्यात म्हणतात, हिचं गर्भाशय गार पडलंय. आत ओल साठलीय. आता गार खाणंपिणं बंद."

तू जिन्यातच बसलीस. "मंग मीच घातलं की ते गार. माझ्या हातानं पाजत राहिले." मी परोपरीनं सांगितलं, माय, ती त्यांची बोली हाय, माठातलं गार न्हाई ते. तू पदर तोंडाला लावलास. "गार म्हंजे गारच असतंय." त्यानंतर भर वैशाखात, माणसं सावली शोधत असताना, तू माझ्यासाठी सुंठीचा काढा, डिंकाचे लाडू आणि चक्क लोकरीचे मोजे घेऊन येऊ लागलीस. घरचा माठ उपडा घातलास, स्वतःही कोमट पाणी पिऊ लागलीस. सुयांनी काही महिने पाळी आपणहून आली, झोप चांगली लागायची. दिवस मात्र राहिले नाहीत. बाईंनी खात्री कधी दिलीच नव्हती, त्यांना बोल लावत नाही. पण शेवटच्या आजारात मी तुझ्या ओठाला पाणी लावलं, तेव्हाही तू पुटपुटलीस, "तू पिऊ नको गार." ते ऐकून मी वऱ्हांड्यात जाऊन खूप रडले.

आज मी विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पीसीओडी सब्ज्यानं, धन्याच्या पाण्यानं होत नसतो. किती वर्षं हे वाक्य मला हवं होतं, तुझ्या पदरात टाकायला. पण त्यांनी लगेच विचारलं, "तुमच्या आईला असा त्रास होता का? कधीकधी आईकडूनही येतं, म्हणून विचारते." आणि माझ्या डोळ्यांपुढं तू उभी राहिलीस, मागच्या दारात चिमट्यानं हनुवटीवरचे केस उपटत बसलेली. मावशी सांगायची, तू महिनोन्महिने बाहेर बसत नव्हतीस, म्हणून माझी आजी घरभर ओरडायची, सून विटाळ लपवते, चूल बाटवते. त्या माउलीला काय माहीत, लपवायला तुझ्याकडं काही नव्हतंच. माहूरच्या पायऱ्या झिजवून बऱ्याच वर्षांनी तुला मी झाले, आणि माझ्या पाठीवर कुणीच नाही. मी हे सगळं कधी एकत्र ठेवून पाहिलंच नव्हतं.

तेव्हा निम्मं सांगून कसं भागेल? सब्जा निर्दोष होता म्हणावं, तर तू विचारणारच, मंग कशानं? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सब्जा तुला बंद करता आला. जे तुझ्या अंगातून माझ्या अंगात आलं, त्याचं तू काय केलं असतंस? तू समोर असतीस तरी मी गप्पच बसले असते. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून खरं सांगते. डॉक्टरीणबाई कागदावर पेन टेकवून थांबल्या होत्या, आणि मी म्हणाले, नाही, माझ्या आईला कसलाच त्रास नव्हता.